चवळीच्या दोन कुंड्या

व्याही रुपचंदभाऊंनी स्वतः ट्रॅक्टर चालवत आणून गव्हाच्या काडाची अर्धी ट्रॉली कमलबाईंच्या परसात रिकामी केली. चाळीसगावचा एप्रिल. वांगी आणि टोमॅटो माना टाकून उभे होते.

“बठ्ठं मना वावरनं शे, विहीणबाई,” ते हौसेने अहिराणीत म्हणाले. “सगळं माझ्याच शेतातलं.” “झाडांखाली पसरी द्या. पाणी निम्मं लागेल.”

कमलबाईंनी मूठभर काड उचलून पाहिलं. “भाऊ, गव्हात तणनाशक मारलं होतं?”

“सगळेच मारतात. त्याला महिने झाले. आता काय राहतंय त्यात?”

“मग पंधरा दिवस थांबते. आधी बघते, मग पसरते.”

रुपचंदभाऊंचा चेहरा उतरला. अर्धा चहा ठेवून ते ट्रॅक्टरकडे गेले. त्यांच्याबरोबर आलेली कमलबाईंची लेक मेघा मागे रेंगाळली. “आई, आबांनी एवढ्या मायेनं आणलं. सासरी मी काय तोंड दाखवू?”

“सांग, माझी आई हट्टी आहे.”

लेकीला निरोप देऊन कमलबाईंनी सगळं काड उचलून ओट्याच्या फरशीवर नेलं, मातीवर राहू दिलं नाही. मग दोन कुंड्या घेतल्या. माती एकच, चवळीचं बी एकच. एकीत काड कुस्करून मिसळलं, दुसरीत नाही. आणि काडाशिवाय उघड्या पडलेल्या वाफ्यांना रोज दोनदा कळशीने पाणी घातलं. गुडघे दुखले, तरी घातलं.

सोळाव्या दिवशी रुपचंदभाऊ मोटारसायकलवर आले. कमलबाईंनी दोन्ही कुंड्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

बिनकाडाच्या कुंडीत चवळी वीतभर, हिरवीगार. काडाच्या कुंडीत पानं मुठीसारखी आवळलेली, देठ पिळवटलेले.

रुपचंदभाऊंनी एक पान बोटाने उलगडून पाहिलं. ते पुन्हा मिटलं.

“हाई मना काडनं शे?”

“हो भाऊ, तुमच्या काडामुळेच.”

त्यांनी वाफ्यांवर नजर फिरवली. मग पिळवटलेल्या चवळीची कुंडी उचलून त्यांनी पिशवीत ठेवली.

“असू द्या हो, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं,” कमलबाई म्हणाल्या. “बसा, चहा टाकते.”

“चहा पुढच्या खेपेला.” त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. “गावात चार घरी वाटलंय मी हे काड. उजेड आहे तोवर उचलायला सांगतो.”