टोपली वर गेली का?

“टोपली खाली दिसली म्हणून निर्धास्त राहू नकोस हं. वर गेली का, ते बघ,” असं पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बहिगाखालांनी सांगितलं, तेव्हा रनीम हसली होती. “खाला, मी पोरीवर नजर ठेवू की तुमच्या टोपलीवर?”

आज सकाळी ती टोपली रनीमच्या बाल्कनीसमोरून खाली गेली. छोट्या तालियाने रोजच्यासारखा गजांतून हात काढून तिला टाटा केला. शुब्रा वस्तीतल्या या गल्लीत पूर्वी बाल्कनीगणिक दोर लोंबायचे. रोट्या, औषधं, उसनी साखर, कुणाचं विसरलेलं कुलूप, सगळं टोपलीतून चढायचं-उतरायचं. आता लिफ्ट आहे, दाराशी स्कूटरवाले येतात. दोर एकच उरला.

खाली दुकानदार रगबचाचांनी टोपलीत रोट्या ठेवल्या, वर कांद्याच्या पातीची जुडी टाकली, दोराला हिसका दिला आणि ते आत गेले.

तालियाला अंडं भरवून झालं, तोंड पुसून झालं. टोपली तिथेच. ऊन सरकत तिच्यावर आलं, पात माना टाकायला लागली.

“चाचा, टोपली अजून खालीच आहे!” रनीमने वाकून हाक मारली.

“मग? खाली आली म्हणजे बाई उठली, ठणठणीत आहे. आली नाही तर काळजी करायची.”

“म्हातारीचं नेटवर्क गेलं असेल!” शेजारच्या मोबाईलच्या दुकानातून मदहत ओरडला. दोघेही हसले.

रनीमने हात लांबवून दोर हलवला. कुणी असा चावटपणा केला की वरून ठरलेली शिवी यायची, “कोण रे तो गाढवाचा नातू?” आज वरून काहीच आलं नाही.

पोरीला कडेवर घेऊन, लिफ्टची वाट न बघता ती जिने चढत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

बहिगाखाला बाल्कनीत जमिनीवर बसल्या होत्या. दोराचं टोक मांडीवर, तळहात लालभडक.

“पडलात?”

“हळू बोल. पडलेबिडले नाही. ओढते नि सुटतो, ओढते नि सुटतो. खांद्यात जोरच उरला नाही गं.”

“मग हाक का नाही मारलीत? अख्खी गल्ली खाली आहे!”

“म्हणूनच नाही मारली.” खालांनी डोळे मिटले. “कळलं तर रगब उद्यापासून लिफ्टने पाठवेल. चांगला आहे तो, रोट्या येतील. पण दाराशी येणारा पोरगा पिशवी देऊन निघून जातो. वरून मी भांडू कुणाशी?”

रनीम दोर धरायला उठली, तोच खालांनी तिचा दंड पकडला. “खाली बस. दिसशील.”

कठड्यावर रजई वाळत घातली होती. रनीम तिच्याआड बसली. तालियाचा फ्रॉक तिने गुडघ्याखाली घट्ट दाबून धरला. खाला कठड्याला रेलून उभ्या राहिल्या, दोन्ही हात दोरावर ठेवले. मागून रनीम ओढू लागली.

“हळू!” खाला ओठ न हलवता पुटपुटल्या. “या वयाची बाई एवढ्या झपाट्याने ओढते होय?”

“ओ सित्त बहिगा, ओ बाईसाहेब!” खालून रगबचाचांचा आवाज आला. “डुलकी लागली होती की काय?”

“तुझ्या रोट्या वाळायची वाट बघत होते! ताज्यांपेक्षा बऱ्या लागतात!”

गल्ली खो खो हसली. रजईआडून रनीमला खालांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते फक्त त्यांचे हात, दोराबरोबर मागे येणारे, पुन्हा पुढे जाणारे, काहीही न ओढणारे.

तुमच्या इमारतीत टोपली नसेल. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराच्या कडीला दुधाची पिशवी मात्र अडकवलेली असेल. ती रोज दिसते. ती आत गेली का, तेवढं आज जाऊन बघून या.