तीन मंगळवार

प्रकाशने पाचव्यांदा खिडकीतून खाली पाहिलं आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या.

"अब बैठ भी जाओ," पोह्यांवर शेव भुरभुरत सुमन म्हणाली. "आपली पोरगी यायचीय, पोलीस नाही."

तो बसला आणि लगेच उठला. गेले तीन मंगळवार ऋता फ्रीगंजच्या ऑफिसातून उशिरा येत होती. एकदा तिच्या ओढणीला भाताचं शीत चिकटलेलं होतं. पोरगी कुणाबरोबर तरी जेवून येते, हे न कळायला प्रकाश काही दूधखुळा नव्हता. आज सकाळी तीच म्हणाली, "संध्याकाळी लग्नाचं बोलायचंय. पण बाबा, तुम्हाला नाही पटणार."

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्या लेकीला आपलीच भीती वाटावी?

तीस वर्षांपूर्वी त्याने भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांची, परजातीतली सुमन पसंत केली, तेव्हा त्याच्या वडिलांनी, भय्यासाहेबांनी, पुढ्यातलं ताट सरकवलं होतं. "या घरात असलं लग्न होणार नाही!" म्हातारा शब्दाला पक्का निघाला. नातीचं तोंडही न पाहता गेला. काही झालं तरी आपण बापावर जायचं नाही, अशी खूणगाठ प्रकाशने तेव्हाच बांधली होती. लेक तोडायची नाही म्हणजे नाही.

ऋता आली. एक लाल कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बसली. प्रकाशने पोह्यांची बशी पुढ्यात ओढली.

"बोल बेटा. मुलगा कुठल्याही जातीचा असो, धर्माचा असो. मी तुझ्या पाठीशी आहे."

"पक्कं?"

"क्षिप्रामाईची शपथ."

ऋताने आईकडे पाहिलं. सुमन उगाच शेवेचा डबा बंद करत राहिली.

"रुचिर नाव त्याचं," ऋता म्हणाली. तिने पिशवीतून दोन पत्रिका काढून टेबलावर ठेवल्या. "आपल्यातलाच आहे, बाबा. जात, गोत्र, सगळं बघूनच ठरवलंय. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. मला कडक मंगळ निघाला, म्हणून तीन मंगळवार मंगळनाथला गेले. पिंडीला भाताचा लेप लावून भातपूजा पण झाली."

प्रकाशने पुढ्यातली बशी सरकवली.

"या घरात असलं लग्न होणार नाही!"