सलाईनचा थेंब

दोषवहीत ‘निर्दोष’ हा शब्द आज पहिल्यांदा लिहिला जाणार होता. सासूबाईंनी पेनाचे टोपण काढले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत त्या ताठ झाल्या.

“आई, एक चूक आहे.”

आवाज दाराजवळच्या स्टुलावरून आला होता. तिथे त्यांची सून बसली होती. नर्सचा गणवेश अंगावर, पायांत पांढरे बूट, खांद्याला पिशवी. दुपारच्या ड्यूटीला निघता निघता ती टेकली होती. लग्नाला तीन महिने झाले होते आणि या दिवाणखान्यात रविवारी सकाळी तिने तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ होती.

टीव्हीवरच्या अंतराळयानाच्या मालिकेचे त्रेचाळीस भाग झाले होते आणि प्रत्येकाची चिरफाड इथेच झाली होती; सासूबाईंनी स्वतः शोधलेली चूक दर वेळी दोषवहीत चढली होती. नियम सासूबाईंचे. जो चूक दाखवील आणि ती सासूबाईंना खोडता येणार नाही, त्याला त्यांची खुर्ची. ज्याची चूक खोडली जाईल, त्याने पुढचे तीन भाग चकार शब्द काढायचा नाही. खुर्ची अजून कोणालाही मिळाली नव्हती. शेजारच्या घड्याळजींची तोंडबंदी तर आजच संपली होती.

“वहिनी, जपून हं!” शाळेत विज्ञान शिकवणारी नणंद म्हणाली. “तीनच भाग उरलेत. शेवट मुक्याने बघावा लागेल.”

“ठाऊक आहे, ताई.”

“कोणता प्रसंग?” सासूबाईंनी विचारले.

“कप्तानबाईंना सलाईन लावतात तो.”

घड्याळजींनी जीभ चावली. त्याच प्रसंगाला काल सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

“त्या वेळी यानातलं गुरुत्व बंद पडलेलं असतं,” सून म्हणाली. “मग सलाईन चालेल कशी? बाटली वर टांगतो ती कशासाठी? वजनाने औषध खाली उतरावं म्हणून. वजनच नाही, तर ते जागचं हलणार नाही.”

नणंद ताडकन उठली. “अगं बाई! खरंच की!”

“बस खाली,” सासूबाई म्हणाल्या. “पिशवी दाबूनही औषध देता येतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी पाहिलं आहे.”

“देता येतं, आई. पण ती काचेची बाटली होती. काच दाबणार कशी?”

“यान स्वतःभोवती फिरत असेल,” घड्याळजी सरसावले. “गोफण फिरवली की दगड बाहेर ओढला जातो ना, तसं! मग वजन येतं.”

“मग डॉक्टरांचं पेन तरंगत कसं होतं, काका? त्याच खोलीत?”

घड्याळजी खाली बसले. तीन आठवड्यांनी सुटलेली जीभ त्यांनी आपणहून पुन्हा आत घेतली.

“लाव तो प्रसंग,” सासूबाईंनी मुलाला फर्मावले. मुलाने आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि मग रिमोटकडे पाहिले. तिथेच त्याला सुरक्षित वाटले असावे.

पडद्यावर कप्तानबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या कपाळावरून डॉक्टरांचे पेन संथपणे तरंगत गेले. बाजूच्या बाटलीखालच्या नळीत एक थेंब लोंबला, सुटला आणि पडला. मागोमाग दुसरा.

“हा थेंब खाली पडला,” सून पडद्याजवळ जाऊन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “पण आई, तिथं खाली कुठं असतं?”

“थांबव,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा लाव.”

चार वेळा लावले. चारही वेळा पेन तरंगले आणि थेंब पडला.

“इतकी धडधडीत चूक, आणि काल तू गप्प कशी राहिलीस?”

सून ओशाळली. “मलाही काल दिसली नाही, आई. सवयीने मी थेंब मोजत बसले. मिनिटाला चाळीस पडत होते, अगदी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मनात म्हटलं, वा, काय काळजीने दाखवलंय! आज सकाळी ड्यूटीची पिशवी भरताना हातातलं पेन पडलं, तेव्हा डोक्यात लख्ख झालं.”

नणंद हसता हसता खोकू लागली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि वळणदार अक्षरात लिहिले: भाग त्रेचाळीस. थेंब पडतो. शोध, सूनबाई. पेनाचे टोपण लावले. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन त्या उठल्या.

खुर्ची रिकामी कोणी पाहिलेलीच नव्हती. घड्याळजीही नकळत उभे राहिले.

“बस,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मला ड्यूटीला...”

“पाच मिनिटांनी हॉस्पिटल पळून जात नाही. बस. नियम माझा आहे.”

सून बसली. सासूबाई सरळ दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या, सुनेची पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि थोड्या पुढे झुकल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

“आता सांग. औषध अंगात गेलंच नाही, तर कप्तानबाई शुद्धीवर आल्या कशा?”

“मला वाटतं, आई, त्या बेशुद्ध नव्हत्याच!”

“काय सांगतेस!” सगळे एकदम ओरडले आणि खुर्चीभोवती गोळा झाले. ती उंच खुर्ची सासूबाईंच्या मापाची होती. सून भराभर बोलत होती आणि तिचे पांढरे बूट जमिनीपासून वीतभर वर, अधांतरी हलत होते.