लाल फितीतला जॅक

“माझा चहा संपेपर्यंत हा असाच उभा राहिला, तर घेईन,” इन्शिराह म्हणाली आणि दुकानासमोरच्या स्टुलावर ऐसपैस बसली.

इजिप्तमधल्या तांता शहराच्या लोखंडबाजारात असलं गिऱ्हाईक क्वचितच येतं. बसयूनी नावाच्या दुकानदाराने आधी एक चकचकीत, हलका जॅक पुढे केला होता. “घरच्या गाडीला हा फार झाला, मावशी.” इन्शिराहने तो त्याच्याच मालाने भरलेल्या पिकअपखाली लावायला लावला. अर्धा चहा होतो न होतो, तोच उचललेलं चाक गुपचूप जमिनीला टेकलं.

“दमला रे तुझा जॅक,” ती म्हणाली.

मग आतून दुसरा आला. बुटका, तेलकट, अंगाने दणकट. तो उचलताना बसयूनीची मान लाल झाली. चहा संपला, रिकामा ग्लासही गार झाला. चाक अधांतरीच राहिलं.

“हा बांध. शिवाय मोठा पाइप पाना, टोचनाची साखळी आणि ते वरचं जाडजूड ड्रिल. खेळण्यातलं दाखवू नकोस.”

“गॅरेज काढताय की काय?”

“पोरीचं लग्न आहे. तिच्या सामानात जाणार हे सगळं.”

बसयूनी खो खो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. “मावशी, नवरीच्या सामानात काचेची भांडी जातात. ब्लँकेटं जातात. सगळी गल्ली डोळे फाडून बघत असते. नवऱ्याकडचे गाडी परत पाठवतील.”

“पाठवू देत.”

म्हणायला म्हणाली, पण सोयरीक मोडायची भीती तिलाही होती. तिच्या पोरीचा, नाहेदचा, होणारा नवरा सामेह याच्यावर जीव होता आणि पोरगाही गुणी होता. फक्त त्याच्या घरात त्याचं काही चालत नसे. परवाच त्याचा काका शहात येऊन गेला होता, बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत.

“आमच्या वहिनीचा, सामेहच्या आईचा, निरोप आहे,” तो म्हणाला होता. “सून गाडी चालवणार नाही. तिच्या बापाची पिकअप विकून टाका आणि त्या पैशांत चांगली भांडी घ्या. पोरीची लोखंडी खेळणी सामानात दिसली, तर कालव्याच्या पुलावरूनच मागे फिरायचं.”

“हे तफीदाबाई स्वतः येऊन का सांगत नाहीत?”

“विधवा बाई कुठे दारोदार फिरणार? तिचं घर माझ्याच जिवावर चाललंय. पाण्याची मोटर बंद पडली तरी मीच जातो. ही बघा, तिच्या दाराची किल्लीसुद्धा माझ्याकडेच असते.”

ती किल्ली पाहून इन्शिराहचं डोकं सणकलं. तिच्या स्वतःच्या लग्नात गाडीभर काच आली होती. ती अजून कपाटात आहे, त्या ताटल्यांत कधी कुणी घासभर जेवलेलं नाही. नवरा गेला आणि घरातला नळ गळू लागला, तेव्हा ती काच काय कामाची होती? दीर पाना घेऊन यायचा. नळ दुरुस्त करायचा आणि जाता जाता हुकूम सोडायचा; असंच एकदा त्याने नाहेदची शाळा बंद केली. शेतावरचा पंप त्याने सुरू केला, त्या वर्षापासून शेतही तोच बघू लागला. उपकाराखाली दबलेल्या बाईला तोंड उघडता येत नाही. पुढे नाहेदने बापाचा जुना पाना हातात घेतला, पहिला नळ स्वतः बसवला, आणि दिराच्या फेऱ्या आपोआप थांबल्या.

गुरुवारी सामान निघालं. पुढची पिकअप नाहेद स्वतः चालवत होती. फ्रिज, ब्लँकेटं मागच्या गाडीत होती. पुढच्या गाडीत मखमली चादरीवर साखळी, पाना, ड्रिल मांडलेलं आणि मधोमध लाल फितीचं फूल बांधलेला जॅक. गल्लीतल्या बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. ढोलवाले मात्र मनापासून बडवत होते.

“पूल आला, यम्मा,” नाहेद शेजारी बसलेल्या आईला म्हणाली. तिने गाडी हळू केली.

“मग? पाय ब्रेकवरून काढ.”

सामेहच्या दारात शहात दोन्ही हात पसरून उभा होता. ढोल थांबले.

“सांगितलं होतं ना!” तो ओरडला. “फिरवा गाडी! वहिनीला हा तमाशा खपणार नाही!”

इन्शिराह खाली उतरली. “मुलगी येईल ती या सामानासकट येईल. नाही म्हणायचं असेल, तर तफीदाबाईंनी माझ्या तोंडावर म्हणावं.”

तेवढ्यात दार उघडलं. काळ्या कपड्यांतली तफीदा पायऱ्या उतरून थेट गाडीपाशी आली. तिने फितीला हात लावला. मग जॅक हलवून पाहिला. तो हलला नाही.

“भरलेली गाडी उचलतो?”

“उचलतो आणि धरूनही ठेवतो,” इन्शिराह म्हणाली. “मी बसून बघितलंय.”

तफीदाने नाहेदकडे पाहिलं. “आणि पाण्याची मोटर? ती खोलता येते तुला?”

“येते,” नाहेद म्हणाली. “बसवताही येते.”

“वहिनी, तू आत जा बघू,” शहात मध्ये पडला. “मोटरीचं मी बघतो ना, नेहमीसारखं!”

तफीदा वळली. सगळ्या गल्लीदेखत तिने त्याच्यापुढे हात पसरला.

“भावोजी, माझ्या घराची किल्ली द्या.”