आईंचा कोट

"हात खाली. श्वास नेहमीसारखा घ्यायचा. कुणी मध्ये बोलायचं नाही," काटेवाला म्हणाला आणि त्याची आई वजनकाट्यावर चढली.

होड्यांच्या आवारातला हा काटा इंजिनं तोलायचा होता. त्याच्यावर सासूबाई चढायची ही पहिलीच वेळ. समोर ठोकळ्यांवर दोन होड्या होत्या. निळी अरुंद, तिघांची. पांढरी रुंद, चौघांची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आजी पंचेचाळीस किलो भरल्या तरच होडीत बसवा, नाहीतर लाटेच्या एका हिसक्यात हाडं मोडतील. म्हणजे पंचेचाळीस भरले तर पांढरी. नाहीतर निळी, आणि आई धक्क्यावर. चाळीस वर्षं त्या खाडीच्या धक्क्यावरूनच गळ टाकत आल्या होत्या, आणि चाळीस वर्षं एकच सांगत होत्या की मोठे मासे गळाच्या बरोबर दहा हात पुढे बसतात.

गेल्या रविवारी घरच्या काट्यावर त्या त्रेचाळीस भरल्या होत्या.

म्हणून काल दुपारी सूनबाईनं सासूबाईंच्या कोटाची खालची शिवण उसवून, जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे आत शिवले होते. अडीच किलो. त्रेचाळीस अधिक अडीच, साडेपंचेचाळीस. संशय येईल इतकं जास्त नाही.

पण नवऱ्याला कळलं तर? गावातले सगळे तराजू-काटे दुरुस्त करणारा हा माणूस. पन्नास ग्रॅमच्या फरकासाठी यानं सख्ख्या मामाची तक्रार केली होती. ठकी जन्मली तेव्हा मुलीचं तोंड बघायच्या आधी दवाखान्याचा काटा तपासला होता. आजसुद्धा आल्या आल्या पिशवीतून पितळेची वजनं काढून यानं पंधरा मिनिटं या काट्याची परीक्षा घेतली. मग "वारा आहे" म्हणून स्वतःच्या हातानं आईला कोट घातला. ज्याला पेरू उचलून ग्रॅम सांगता येतात, त्याच्या हातात तो कोट! सूनबाईनं मनातल्या मनात माहेरची बॅग भरायला घेतली. पण तो काहीच बोलला नाही.

सुई थरथरली. चाळीस ओलांडली. पंचेचाळीस ओलांडली. सूनबाई हुश्श करणार, तर सुई थांबायचं नाव घेईना. थांबली ती त्रेपन्नवर.

आठवड्यात दहा किलो.

"हवा मानवलेली दिसते," होडीवाला म्हणाला.

काटेवाल्यानं खाली पाहिलं. "पाय काढा."

"कुणाचा?"

"तुमचा. काट्यावरचा."

होडीवाल्यानं बूट मागे घेतला. सुई एक्कावन्नवर आली. "राग मानू नका," तो म्हणाला. "पांढरी दोन वर्षं पडून आहे हो."

"आणखी कुणाला काही सांगायचंय?"

नऊ वर्षांच्या ठकीनं भोकाड पसरलं. रडत रडतच तिनं आजीच्या दोन्ही खिशांतून एकेक करत गोटे काढले. चांगला ढीग झाला. "गुळगुळीतच घेतले होते बाबा. आजीला टोचू नयेत म्हणून."

एकोणपन्नास.

"आई?"

"माझ्याकडे काय बघतोस? सकाळपासून दीड लिटर पाणी प्यायलेय, बस्स. त्यामुळे काय ते लवकर ठरव, बाबा."

मग तो बायकोकडे वळला. तिनं मुकाट्यानं पर्समधून कात्री काढली आणि सासूबाईंच्या पायाशी बसून शिवण उसवली. शिशाचे गोळे टपटप खाली पडले.

"तूसुद्धा?" सासूबाई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, कोट खाली का ओढतोय."

सुई मागे आली. साडेशेहेचाळीसवर थांबली. होडीवाला वाकून बघू लागला, तसा काटेवाल्यानं त्याला बोटानंच दोन पावलं मागे सारलं.

"पाण्याचे दीड वजा," काटेवाला तबकडीकडे बघत म्हणाला. "पंचेचाळीस. बरोबर पंचेचाळीस."

एवढ्या लांड्यालबाड्या केल्या आणि एकीचीही गरज नव्हती.

"म्हणजे मी भरले!" सासूबाई काट्यावरच नाचायला लागल्या आणि सुई वेड्यासारखी हलू लागली. "खरीखुरी भरले! उगाच माझ्या पोटाला त्रास दिलात!"

"पांढरी काढा," काटेवाला होडीवाल्याला म्हणाला, आणि पाठ फिरवून होडीचा तळ ठोकून बघू लागला. अगदी मन लावून.

ठकी आजीला पांढरी होडी दाखवायला ओढू लागली. सूनबाई कोटाची बटणं लावायला वाकली, तर अस्तरातल्या चोरखिशात तिच्या बोटांना काहीतरी गार आणि टणक लागलं. तिनं ते अर्धवट बाहेर काढलं. पाहिलं. परत आत सरकवलं आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

"अहो!" तिनं हाक मारली. "होडीत एक जाड गादी टाका. आई माझ्या मांडीला टेकून बसतील. आणि जास्त लांब नाही जायचं. आईंचा गळ पडतो तिथून दहा हात."

"बरं," तो म्हणाला. वळून मात्र पाहिलं नाही.

कोटात पितळेचं दोन किलोचं वजन होतं, आणि त्यावर नवऱ्याच्याच दुकानाचा शिक्का होता.