कुंकू

लढाईतली जुनी जीप फिरत्या दवाखान्याला मिळाली. गारगोटीपलीकडचा डोंगर तिनं चढावा म्हणून कोल्हापुरात दौलू मिस्त्रीनं तिचे स्प्रिंगचे पाटे बदलले, तळाला जाड पत्रा ठोकला आणि खंडेनवमीला पूजा करून गियरच्या सगळ्या दांड्यांना कुंकू लावलं.

शिमग्याला दवाखान्याचे डॉक्टर जीप घेऊन तणतणत आले. "कसलं काम केलंस रे? दर मंगळवारी डोंगरातल्या वाड्यांवर जातो. गाडी पार खिळखिळी झाली!"

दौलू जीपमध्ये वाकला. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या दांड्याच्या मुठीवर कुंकू जसंच्या तसं होतं.

"डॉक्टरसाहेब, ह्यो दांडा वडल्याबिगार त्यो डोंगर चढतच न्हाय. ह्येला तुमचा हात बी लागल्याला न्हाय!"

"तू मला शिकवणार?"

"माझी आक्का हाय त्या डोंगरावर! पाच महिनं हर मंगळवारी आजारी पोर मांडीवर घिऊन वाटंवर बसली. गाडी आली न्हाय म्हनून तिचा सांगावा आला की मीच उलट निरोप धाडून दटावायचो तिला. म्हनायचो, गाडी म्या सोता तयार केलीया, येनार म्हंजे येनार. बस तितंच."