चरातला चष्मा

कोल्हारजवळच्या आपल्या मळ्यात पाइपलाइनसाठी चर खणताना बन्सीला वैमानिकाचा जुना चष्मा सापडला. दुसऱ्या महायुद्धात एक शिकाऊ वैमानिक इथंच विमानासकट कोसळून गेला, असं आजोबा सांगायचे.

भर दुपारी, काचांवरची माती धोतरानं पुसून, त्यानं चष्मा डोळ्यांना लावला.

समोरचं काहीच दिसेना. दिसला तो त्याचाच मळा, पण उंचावरून, खाली तिरपा पसरलेला. मधोमध चर. चराकाठी भाकरीचं फडकं सोडत बसलेली त्याची बायको चांगुणा. तिच्याशेजारी चष्मा लावून उभा असलेला माणूस.

सगळं झपाट्यानं मोठं होत होतं. चष्मा काही केल्या निघेना.

"चांगुणे, पळ हितनं!"

"आवो, पर ह्यो आवाज कसला येतोय?" म्हणत चांगुणानं आभाळाकडे मान वर केली, आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.